मांजरपाटावरचा टाका

मी काउंटरवर ठेवलेला चामड्याचा तुकडा दुकानाच्या मालकानं लाकडी पट्टीनं खाली ढकलला. बोट लावलं नाही. ताटात झुरळ पडलं तर काडीनं बाजूला करावं, तसा. तुकडा पायरीवर आबांच्या पायाशी जाऊन पडला. मग त्यानं पट्टी फडक्यानं पुसली.

"मशीनची पूजा झालीय," तो म्हणाला. "चामडं लावायचं नाही."

दसरा होऊन चार दिवस झाले होते. गिरगावातलं शिलाई मशीनचं मोठं दुकान. एकेका मशीनवर झेंडूचा हार, सुकत आलेला. काचेवर कागद चिकटवलेला, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे. मी सोळा वर्षांची. सातवीपर्यंत शिकलेली. आबांनी, माझ्या वडिलांनी, मला बरोबर आणलं होतं. वाचायला नव्हे, बघायला. आबांची नजर अधू होत चालली होती.

आम्ही चांभार. लालबागच्या चाळीत एक खोली. आबा बस कंडक्टरांच्या चामडी पिशव्या शिवायचे, हातानं. आरीनं भोक पाडायचं, मेण लावलेला दोरा दोन्ही बाजूंनी दोन सुयांनी ओढायचा. त्यांचा टाका असा की कंडक्टर रिटायर होईल पण शिवण उसवणार नाही, असं लोक म्हणायचे. पण वर्षभरात टाक्यांची ओळ वाकडी जायला लागली. दादरच्या कंत्राटदारानं सांगून टाकलं, पुढचा माल मशीनच्या टाक्याचा हवा, नाहीतर राहू दे. घरात होतं नव्हतं ते घालून आबा मशीन घ्यायला निघाले. मशीन मी चालवायचं, आबांनी कापायचं, असं ठरलं होतं. आबांचा धंदा वाचायचा तर एवढी एकच वाट उरली होती.

चामड्याच्या कामाचं मशीन घ्यायचं तर आपला तुकडा आपण न्यायचा, ही आमच्यातली रीत. पिशवीचा सगळ्यात जाड भाग असेल तो. आबांनी आदल्या दिवशी पट्ट्याच्या जोडाचा तुकडा केला, एकावर एक चार थर, कडा तासून. दुकानात न्यायचा म्हणून त्याला तेल लावून पुसला. आये म्हणाली, पोरीला बघायला येणारेत की काय. आबा हसले. हातानं शिवणाऱ्या माणसाला मशीनमधलं काय कळणार, पण तुकडा खोटं बोलत नाही यावर त्यांचा भरवसा होता.

दुकानाशी आल्यावर आबा आपणहून पायरीवर थांबले. कुणी सांगावं लागलं नाही. मी वर गेले, तुकडा ठेवला, आणि सुरुवातीला सांगितलं ते झालं.

मालकानं नोकराला खूण केली. त्यानं मांजरपाटाची चार घड्यांची पट्टी मशीनखाली घातली आणि सर्रकन शिवली. मशीन गाणं म्हटल्यासारखं चाललं. पट्टी त्यानं माझ्या ओंजळीत वरून टाकली. मी ती पायरीवर आबांना दिली. आबांनी डोळ्यांजवळ धरली, लांब धरली, मग अंगठ्यानं चाचपली.

"बाय, टाका कसा हाय?"

मला माहीत होतं की हे कापड आहे. चार घड्यांचं मांजरपाट म्हणजे चार थरांचं चामडं नव्हे, हे चांभाराच्या पोरीला कुणी शिकवावं लागत नाही. मी म्हणायला हवं होतं की आबा, आपला तुकडा चालवल्याशिवाय घ्यायचं नाही. पण आत माझ्याच वयाची एक मुलगी आईबरोबर मशीन बघायला आली होती. दोन वेण्या, पांढरी रिबीन. ती माझ्याकडे बघत होती. आणि मला त्या पायरीवरून निघायचं होतं. लवकर. एवढंच हवं होतं.

"चांगला आहे आबा," मी म्हणाले. "एकसारखा आहे."

आबांनी मान डोलावली. पैसे मोजून दिले. आपला तुकडा उचलला, धोतरानं पुसला आणि खिशात ठेवला.

मशीन घरी आलं त्या दिवशी आयेनं नारळ फोडला. शेजारपाजारचे बघून गेले. मी बसले. पिशवीचं झाकण कसंबसं शिवलं गेलं. पट्ट्याच्या जोडावर आलं आणि मशीन अडलं. सुई मोडली. दुसरी घातली, ती वाकली. चामडं खालून सरके, वरून जागचं हलत नसे. टाके एकमेकांवर चढले. खालच्या दात्यांचे चावे चामड्यावर उमटले. कापडाचं भोक नखानं घासलं की बुजतं. चामड्यातलं भोक राहतं.

आज मला विचाराल तर घडाघडा सांगेन. कापडाचं मशीन माल फक्त खालून ओढतं. चामड्याला वरून दाबणारा पायही माल घेऊन पुढं चालणारा लागतो. सुईचं टोक गोल चालत नाही, पात्यासारखं लागतं, कापत जाणारं. दोरा जाड, त्याला बॉबिनही मोठी. आणि पिशवीच्या तोंडातून आत जाणारा नळीसारखा दांडा लागतो, सपाट टेबल नव्हे. तेव्हा यातलं काही ठाऊक नव्हतं. आबांना वाटत होतं की चूक आपलीच. तीन दिवस ते माझ्या मागं बसून म्हणत होते, "चामडं कडक निघालं वाटतं. मऊ करून देतो." रात्रभर भिजत घालायचे, सकाळी तेल द्यायचे. अकरा पिशव्या वाया गेल्या. त्यांनी मला एकदाही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

आम्ही पुन्हा गिरगावात गेलो. मालकानं आबांना पायरीवरच अडवलं.

"कापडाचं मशीन आहे ते. तुझ्या पोरीनं टाका बघून पसंत केलं ना?" आणि मग, "चामडं लागलेलं मशीन मी परत दुकानात घेऊ?"

आधी चामडं लावू दिलं नाही म्हणून मशीन चुकलं. आता चामडं लागलं म्हणून परत घेता येत नाही. हा हिशोब मला त्या पायरीवर समजला. आबा म्हणाले, "पोरगी ल्हान हाय, मालक. चूक माझी." माझी चूक त्यांनी आपल्या अंगावर घेतली आणि हात जोडले.

दादरचं काम गेलं. आबा करी रोड स्टेशनाजवळ फुटपाथवर वहाणा दुरुस्त करायला बसू लागले. डोळ्यांनी नाही, बोटांनी. ते चळवळीचे दिवस होते. मोर्चावर लाठी चालली की रस्त्यात वहाणा विखरून पडत. आबा मला घेऊन जात आणि त्या गोळा करून आणत. एकेका पायाच्या. अंगठे शिवून त्या चाळीच्या गॅलरीत ओळीनं लावून ठेवत, ज्याची असेल तो घेऊन जाईल म्हणून. दोघेचौघे आलेही. बाकीच्या तशाच राहिल्या.

एकदा लालबागच्या मैदानात सभा होती. आबांना हात धरून नेलं होतं. स्टेजवर एक माणूस बोलायला उभा राहिला. तोच. गिरगावचा दुकानदार. मराठी माणूस एक आहे, आपण सगळे एका आईची लेकरं आहोत, असं तो म्हणत होता, आणि चांगलं म्हणत होता. आबा टाळ्या वाजवत होते. मला वाटलं, दिसत नाही म्हणून.

घरी येताना आबाच म्हणाले, "आवाज वळखला मी."

"मग टाळ्या कशाला वाजवल्या?"

"टाळ्या मुंबईसाठी वाजवल्या, बाय. त्याच्यासाठी नाय."

महाराष्ट्र झालेला आबांनी पाहिला नाही. त्याच्या आदल्या पावसाळ्यात ते गेले. मी पायरीवर खोटं बोलले होते, हे त्यांना सांगायचं राहून गेलं. अंगठ्यानं ती कापडाची पट्टी चाचपताना त्यांना कळलंच असेल, असं कधी वाटतं. पण त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला, हेच खरं. ते मला गिळता येत नाही. आजही येत नाही.

मी परळच्या एका बॅगांच्या कारखान्यात लागले. तिथल्या मिस्त्रीनं मला मशीन उघडून दाखवलं. पाय बदलायला, सुई बसवायला, दोऱ्याचा ताण धरायला मी तिथं शिकले. मग आम्ही चौघी बायकांनी आपलं काम काढायचं ठरवलं. मशीन घ्यायचं होतं. मी मुद्दाम गिरगावात गेले.

राज्य नुकतंच आलं होतं. काचेवरचा कागद जाऊन तोरण लागलं होतं. मालक पेढे वाटत होता. त्यानं मला ओळखलं नाही. "या बाई," म्हणाला आणि पेढा पुढं केला. मी तो घेतला नाही. दुकानाच्या मागच्या अंगाला आता चामड्याचंही मशीन होतं, नळीच्या दांड्याचं, चालत्या पायाचं. त्यालाही हार. मी पर्स उघडली आणि आबांचा तुकडा काढून काउंटरवर ठेवला. चार थर, तासलेल्या कडा.

त्याचा हात लाकडी पट्टीकडे गेला.

"चामडं इथं नको, बाई. मशीन मागच्या गल्लीत काढून देतो, तिथं चालवून बघा. आता आपलं राज्य आलंय, तुम्हाला नाही कसं म्हणू?"

"इथंच चालवा," मी म्हणाले.

त्यानं पट्टीनं तुकडा ढकलला. तो पडला. मी उचलला आणि पुन्हा तिथंच ठेवला. दुकानातली गिऱ्हाइकं बघत होती. या वेळी मला निघायची घाई नव्हती. त्यानं पुन्हा ढकलला. मी पुन्हा ठेवला. शेवटी त्यानं पट्टी खाली ठेवली आणि नोकराला म्हणाला, यांना मशीन द्यायचं नाही. मशीन मिळालं नाही. रिकाम्या हातांनी परत आले. पुढं भायखळ्याच्या एका मिस्त्रीकडनं जुनं मशीन घेतलं. तुकडा त्यानंच आपल्या हातानं सुईखाली धरला होता.

मांजरपाटाची ती पट्टी माझ्यापाशी आहे. टाका खरंच सुंदर आहे. आमच्यातल्या कुणालाही मशीन घ्यायचं असलं की मी बरोबर जाते. पायरीवर थांबत नाही, कुणाला थांबू देत नाही. आधी तुकडा काउंटरवर ठेवते. चामड्यावर टाका पडेपर्यंत चांगला आहे असं म्हणत नाही, कोणी कितीही बघत असलं तरी. कुणी पट्टीनं ढकलला, तर उचलते आणि परत तिथंच ठेवते.