एक चूल, चार आडनावं

“चूल किती?” नव्या माणसाला मावशींचा पहिला प्रश्न हाच असायचा. नाव, गाव, मुलं कुठे, हे सगळं नंतर. नागपूरच्या रेशन ऑफिसात त्यांनी तीस वर्षं नोकरी केली होती. वेगळं कार्ड मागणाऱ्या भावाभावांच्या घरी जाऊन त्या थेट स्वयंपाकघरात शिरायच्या. चूल एक, तर कार्ड एक. मग कुणी मंत्र्याचा मेहुणा का असेना!

निवृत्तीनंतर अमेरिकेत, एडिसनला, त्या तीन जणांसोबत भाड्याच्या घरात राहायच्या. दोन काका, एक दमेकरी काकू आणि मावशी. चौघांची आडनावं चार, मुलं चार राज्यांत. “मुलाच्या घरी आपण पाहुणे असतो गं, इथे मालक आहोत,” असं त्या म्हणायच्या, आणि भाडंही त्याच ऐटीत द्यायच्या.

त्या हिवाळ्यात गॅसचं बिल झेपेना. हीटर इतका कमी ठेवायचे, की चौघं कोट घालून जेवायला बसायची. काकूंचा खोकला थांबेना. त्यांच्या मुलाने टेक्सासहून बजावलं, “आई, दिस इज क्रेझी. महिन्याभरात मी तुझं इकडचं तिकीट बुक करतो.” एक गेली की उरलेल्या तिघांना ते घर परवडणार नव्हतं. खेळ खल्लास.

बिलासाठी सरकारी मदत मिळते, हे मीच सांगितलं. दर शनिवारी मी लायब्ररीत लोकांचे फॉर्म भरून देते. पण मावशी माझं ऐकतील तर ना! “फॉर्म भरायला तू मला शिकवतेस?” म्हणत त्यांनी घरीच भरले. चौघांचे चार, एकाच पत्त्यावरून, एकाच बिलासाठी! चारही परत आले, तेव्हा ते घेऊन मावशी लायब्ररीत आल्या.

मी वैतागलेच. “अहो मावशी, रेशन ऑफिसात असा माणूस आला असता तर?”

“हाकलला असता.” त्यांचा चेहरा पडलेला मी पहिल्यांदाच पाहिला. “मला वाटलं, अमेरिकेत प्रत्येक माणूस सुटा. रक्ताचं नातं नाही, तर एक घर कसं लिहू?”

“जेवता कुठे?”

 मावशी कपाळावर हात मारून अशा खळखळून हसल्या, की लायब्ररीवाल्या बाईने डोळे वटारले.

सोमवारी चौघांना गाडीत घालून मी मदतीच्या ऑफिसात नेलं. आता फॉर्म एकच, चौघांच्या उत्पन्नाचे कागद सोबत. खिडकीपलीकडच्या बाईने विचारलं, आडनावं चार, नातं काय? मी तोंड उघडणार, तोच मावशी पुढे सरकल्या.

“वन हाउस, वन बिल, वन स्टोव्ह, मॅडम! आय कुक, शी कट्स, दे वॉश. यू कम अँड चेक!”

बाई हसली. हसली, पण कागद एकूण एक तपासले. “कामाची आहे हो,” मावशी माझ्या कानात म्हणाल्या.

दोन आठवड्यांनी मंजुरीचं पत्र आलं. मावशींनी ते काकूंच्या मुलाला फोनवर शब्दन्‌शब्द वाचून दाखवलं. “तिकीट कॅन्सल कर, बाळा. तूच ये भेटायला.” आम्ही सगळे वेड्यासारख्या टाळ्या पिटत होतो, आणि काकू रडत होत्या.

मावशींना जाऊन आता वर्ष झालं. त्यांच्या खोलीत सांगलीचे एक काका आलेत. काकू अजून तिथेच आहेत. मला मावशींची फार आठवण येते. ती अशी: ऐन जानेवारी, पायरीवर गुडघाभर बर्फ, मी मफलर गुंडाळून कुडकुडत बेल वाजवतेय. दार उघडतं. पातळ सुती गाउनमधल्या मावशी ताटलीने वारा घेत म्हणतात, “ये बाई, आत ये. काय उकडतंय गं!”