सिद्धप्पांचा न झिजणारा मॉप

चांगली म्हणावी अशी वस्तू जगात शेवटची कधी दिसली, हे सिद्धप्पांना स्वतःलाही आठवत नाही. चहाची नवी गाळणी घरात आली की ते तिची जाळी नखानं खरवडून बघत आणि नाकातून नुसतं ‘हुं’ करत. कुणाच्या घरी गेले तर खुर्चीत टेकण्याआधी तिचे पाय हलवून बघत. जावयानं एका दिवाळीला शर्टाचं कापड आणलं, तर सगळ्या पाहुण्यांसमोर ते उजेडाला धरून म्हणाले, “ह्यातनं टेंभुर्णी दिसतंय की!” जावई टेंभुर्णीचाच. तो बिचारा हसला, पण त्यानंतर त्यानं सासऱ्यांसाठी कापड आणायचं नाव काढलं नाही.

अख्खं आयुष्य यंत्रमागावर जॉबर म्हणून गेलं. जॉबर म्हणजे मागाचा डॉक्टर. माग बंद पडला की मालकापासून विणकरापर्यंत सगळे गुमान उभे राहायचे आणि सिद्धप्पा बाह्या सरसावून मागाच्या पोटात हात घालायचे. शिव्या मात्र मागाला नसत, मागावर काम करणाऱ्याला असत. त्यांचा जन्माचा वैरी एकच, तो म्हणजे तुटलेला धागा. धागा तुटला की माग थांबतो, माग थांबला की मालक ओरडतो. टॉवेल आणि चादरी विणणाऱ्या या सोलापुरात टिकाऊ कशाला म्हणायचं हे फक्त आपल्याला कळतं, असं त्यांना ठामपणे वाटायचं, आणि हे त्यांनी कुणापासून कधी लपवलंही नाही.

एवढ्या जाणत्या माणसानं घरातली फरशी मात्र जन्मात कधी पुसली नव्हती. ती नीलम्मा पुसायची. सकाळी उठून, उकिडवी बसून, ओल्या फडक्यानं, स्वयंपाकघरापासून बाहेरच्या उंबऱ्यापर्यंत मागं मागं सरकत. घरात शहाबादी फरशी, जागोजागी खरखरीत आणि सांध्यांत माती धरणारी. ती पुसल्याशिवाय नीलम्माची आंघोळ नाही, आंघोळीशिवाय लिंगपूजा नाही आणि पूजेशिवाय चहा नाही. लग्न होऊन आल्यापासून हा क्रम मोडला नव्हता. शेवटी गुडघा मोडला.

गुडघा बदलला, तेव्हा डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं. बाईंना साखर आहे, हृदय नाजूक आहे. एवढं ऑपरेशन निभावलं, दुसरं होणार नाही. आता उकिडवं बसायचं नाही. बसलात, तर कायमच्या अंथरुणाला लागाल. नीलम्मानं मान हलवली. देवळातल्या कीर्तनालाही ती अशीच मान हलवते. सिद्धप्पा मात्र घाबरले. ते त्यांनी कुणाला दाखवलं नाही. रिक्षात बसल्यावर रिक्षाच्या दाराला नावं ठेवत घरी आले.

मग कामाला तानाबाई आली. नीलम्मा खुर्चीत बसून काठीनं कोपरे दाखवायची. “हितं ऱ्हायलं. तितं ऱ्हायलं. कपाटाखाली कोण पुसणार, माझा सासरा?” तानाबाईनं पुष्कळ सोसलं. एक दिवस बादली तिथंच ठेवून म्हणाली, “आजी, तुमची फरशी तुमीच चाटा.” ती गेली ती गेलीच. तिच्यानंतर कुणी आलं नाही, कारण गल्लीत बातम्या फिरतातच.

तेव्हा टेंभुर्णीहून लेक शिवलीला आली आणि नवी पेठेतून मॉप घेऊन आली. गरगर फिरणाऱ्या जाळीची बादली, चकचकीत दांडा, खाली पांढऱ्या दशांचा झुपका. सिद्धप्पांनी खोका उघडून एक दशी दोन बोटांत धरली आणि नुसती ओढली. ती हातात आली.

“कापूस न्हाय, काय न्हाय. नुसती बुजगावण्याची दाढी,” ते म्हणाले.

“आप्पा, वापरून तर बघा की,” शिवलीला म्हणाली. आईला खाली बसू देऊ नका, असं दहादा बजावून ती सासरी गेली.

झालं सिद्धप्पांच्या मनासारखंच. गुळगुळीत लादीसाठी केलेला तो झुपका शहाबादीच्या सांध्यांत अडकायचा आणि दशा तिथंच सोडून यायचा. थोड्याच दिवसांत तो आजारी कोंबडीसारखा दिसायला लागला आणि एका सकाळी दांडा सिद्धप्पांच्या हातात राहिला व झुपका कपाटाखाली गेला. ते हातातल्या नळीला आणि ती बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांना बोल लावत होते, तोवर मागं नीलम्मा ओट्याला धरून हळूहळू खाली वाकायला लागली होती.

“ए! बसू नको!” सिद्धप्पा ओरडले.

“मग काय करू री?” नीलम्मा नवऱ्याला कानडीतलं ‘री’ म्हणते, बाकीच्या बायका ‘अहो’ म्हणतात तसं. “ह्यानं पुसून हुतंय कुटं? पाणी नुसतं हिकडचं तिकडं.”

“मी करतो मॉप. ह्या पेठंतल्या भामट्यांस्नी दाखवतोच, टिकाऊ कशाला म्हणायचं ते.”

नीलम्मानं त्यांच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. “फडकं पिळायचं कसं ते तरी ठावं हाय का?”

“तुला काय कळतंय त्यातलं!” ते म्हणाले, आणि चपला घालून निघाले. बायकोच्या गुडघ्याची धास्ती वाटते, एवढं एक वाक्य त्यांच्या तोंडून निघालं असतं तर काय बिघडलं असतं? पण यंत्रमागांच्या खडखडत्या शेडमध्ये जन्म गेलेल्या माणसाला मोठ्यानं बोलायची सवय असते, आणि असलं काही मोठ्यानं बोलता येत नाही.

अनिलकुमारचा यंत्रमागाचा कारखाना जवळच होता. त्याच्या वडिलांच्या हाताखाली सिद्धप्पांनी उमेदीची वर्षं घालवली होती. अनिलकुमारनं आदरानं उठून मऊ सुताचं एक बंडल पुढं केलं. “आप्पा, हे न्या. पाणी चांगलं पितंय.”

“मऊ सूत ठेव तुझ्याकडं. लग्नात पाहुण्यांस्नी टोपी-टॉवेल देतात, त्या टॉवेलाला. अंग पुसलं तर अंगच कोरडं व्हायचं न्हाय, टॉवेल मातर फाटतंय.” त्यांनी ताण्याचं सूत मागितलं. मागावर उभं ताणलेलं असतं ते; तुटू नये म्हणून त्याला खळ पाजून ताठ केलेलं असतं. सिद्धप्पांच्या लेखी सूत असावं तर असं. अनिलकुमार काहीतरी सांगू पाहत होता, पण सिद्धप्पांना सांगणाऱ्याचं सांगून व्हायच्या आत ते रस्त्यावर असतात.

पहिला मॉप तयार झाला तो एखाद्या हत्यारासारखा. लोखंडी पाइपाचा दांडा, विणकरांच्या गाठी मारलेला दोऱ्यांचा घट्ट जुडगा. धुण्याच्या दगडावर त्यांनी तो जोर लावून घासला. एक तार तुटली नाही. गल्लीतल्या चार लोकांना बोलावून त्यांनी पुन्हा घासून दाखवला. मग ऐटीत घरभर फरशी पुसली आणि पेपर वाचत बसले.

फरशी वाळली, तसा तिच्यावर पांढुरका पापुद्रा दिसायला लागला. पाय टाकला की चिकटायचा. दुपारपर्यंत दारातून स्वयंपाकघरापर्यंत मुंग्यांची रांग लागली.

“पुसलं की खीर सारवली?” खुर्चीत बसून नीलम्मानं विचारलं.

खळ म्हणजे पेजच, पाण्यात पडली की सुटणार. हे सोलापुरातल्या कुठल्याही बाईला माहीत आहे, कारण नवा टॉवेल आधी धुऊन घ्यावा लागतो. सिद्धप्पांच्या हातून सूत आयुष्यभर कोरडंच गेलं. कारखान्याच्या फाटकाबाहेर, पाण्यात पडल्यावर त्याचं काय होतं, ते बघायचं काम बायकांचं होतं. म्हणून त्यांनी सुताला दोष दिला नाही. आधी नळाच्या पाण्याला दिला, मग मुंग्यांना, मग शहाबादीला. संध्याकाळी मात्र कुणाला न सांगता अनिलकुमारकडं गेले आणि ते मऊ बंडल पिशवीत घालून आणलं.

दुसऱ्या खेपेला त्यांनी खरंच मन लावलं, हे मान्य केलंच पाहिजे. अनिलकुमारच्या मागावर स्वतः उभं राहून टॉवेलासारखा जाड, गुंड्यागुंड्यांचा पट्टा विणून घेतला. विणकराला इतकं बोलले, की तो मधेच तंबाखू खायला म्हणून गेला तो लवकर परत येईना. पट्टा उकळून धुतला, दुहेरी दुमडला, कडा शिवून घेतल्या. दशा नाहीतच, त्यामुळं सांध्यात अडकायला काही नाही. वर लोखंडी पट्टी, दोन बोल्ट आणि हलका बांबूचा दांडा. असे दोन मॉप केले, एक घरात ठेवायला आणि एक मिरवायला.

नीलम्मानं पट्टा हातात घेतला. बराच वेळ बोटांनी चाचपला, पाण्यात बुडवला, पिळला. “कापड बरं झालंय,” ती म्हणाली. तिच्या तोंडून ‘बरं’ निघणं म्हणजे शाल-श्रीफळ मिळाल्यासारखंच होतं. पण लगेच पुढं म्हणाली, “दांड्यानं लांबनं फिरवल्यावर घाण निघाली का न्हाय, कसं कळंल? हाताला कळावं लागतं, री.”

“तुझं आपलं कायतरीच. बस गप,” म्हणत सिद्धप्पांनी मिरवायचा मॉप खांद्यावर टाकला आणि रिक्षातून दांडा बाहेर काढून नवी पेठेत गेले.

बापूसाहेबांच्या दुकानात छतापासून प्लास्टिकच्या बादल्या लोंबत होत्या. सिद्धप्पांनी आधी त्या बादल्यांना टिचक्या मारल्या, मग आपला मॉप काउंटरवर आडवा ठेवला.

“किती टिकंल, आप्पा?” बापूसाहेबांनी विचारलं.

“तू जाशील वर, हे न्हाय झिजायचं.”

“मग मी इकू कशाला?” बापूसाहेब शांतपणे म्हणाले. “ह्या झुपक्याचं गिऱ्हाईक सणासुदीला परत येतंय. तुमचं घेतलेली बाई मला पुन्हा तोंड दाखवंल का?”

मग काय विचारता! सिद्धप्पांनी दुकानाची पायरीच पुसायला घेतली. बाजाराला, बापूसाहेबांना, बापूसाहेबांच्या बादल्यांना आणि त्या विकत घेणाऱ्या समस्त बायाबापड्यांना त्यांनी धुऊन काढलं. येणारे-जाणारे थांबले, हसले, कुणी मोबाइलवर व्हिडिओ काढला. कुणीतरी चहा पाजला. पुढच्या दुकानात तेच, त्याच्या पुढच्या दुकानात तेच. मॉप कुणीही घेतला नाही. सिद्धप्पांना त्याचं वाईटही वाटलं नाही. सगळं गाव मूर्ख आहे, हे त्यांचं मत खरं ठरलं होतं आणि त्याहून मोठा आनंद त्यांना ठाऊक नव्हता. घरी परतायला उन्हं कलली.

दार नुसतं लोटलेलं होतं. स्वयंपाकघरात देव्हाऱ्याखाली नीलम्मा जमिनीवर बसली होती, एक पाय दुमडून अंगाखाली आणि पाठ भिंतीला टेकवून. बांबूचा दांडा कोपऱ्यात उभा होता. दोन्ही बोल्ट काढून तिनं वाटीत नीट ठेवले होते. पट्टा तिच्या हातात होता. तिचा हात पोचेल तिथपर्यंतची फरशी आरशासारखी लखलखत होती, त्याच्या पलीकडची तशीच होती.

“कदी बसलीस?” सिद्धप्पांचा आवाज फाटला.

“तुमी गेला आन् बसले. उटाय येईना मग.” तिचे ओठ कोरडे पडले होते. “कापड लई झ्याक झालंय, री. सांद्यातली माती पार निघती. दांडाच तेवढा नको हुता.”

“अगं, डॉक्टरनं काय सांगितलंय? आं? अंथरुणाला खिळायचंय का तुला? दांडा न्हाय तर मग मी हे केलं कशासाठी?”

“कशासाठी म्हंजे? पेठंत दाखवायला की.” तिला खरोखरच नवल वाटलेलं दिसलं. “तुमीच म्हणालासा.”

सिद्धप्पांनी तोंड उघडलं. ‘तुझ्या गुडघ्यासाठी’ हे दोन शब्द त्यांनी बोलून टाकले, पण इतक्या दबक्या आवाजात, की आपल्याच आवाजाची त्यांना ओळख पटेना.

नीलम्मानं हातातला पट्टा खाली ठेवला. ते खाली बसले आणि तिचा पाय मांडीवर घेऊन सरळ करू लागले, तशी ती कळवळून ओरडली. गुडघा टम्म सुजला होता. त्यांनी तो चारी बाजूंनी चाचपला. मागाचा कुठला भाग जागचा हलला आहे, ते त्यांच्या बोटांना अंधारातही कळायचं. इथं काहीच कळेना. त्यांना भीती वाटली, आणि या खेपेला ती लपवायला जवळ नावं ठेवण्यासारखं काही नव्हतं.

तिनं एखादा टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. तिनं डोळे पुसले आणि साधं विचारलं,

“मग मला का न्हाय सांगितलं, री? मी दांड्यानं पुसलं असतं की.”

सिद्धप्पा उठले, आणि तिला उचलायला कुणीतरी या म्हणून गल्लीत हाका मारायला लागले.