भावजींची वही आणि जन्मतारखेचा रकाना

स्वर्गात नावांची एक वही ठेवलेली आहे, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या वहीची एक नक्कल वडूजला आमच्या भावजींकडे आहे, आणि दोन्हींत कधी फरक निघालाच तर चूक स्वर्गातली असणार, असं माझं चाळीस वर्षं ठाम मत होतं. भावजी म्हणजे तुमच्या आजोबांचे मावसभाऊ. तुम्ही त्यांना एकदाच भेटला आहात. पाया पडायला वाकलात तर आशीर्वादाच्या आधी त्यांनी तुम्हाला विचारलं, "झोपताना पंखा लागतो का?" तुम्ही बाहेर जाऊन पोट धरधरून हसलात. मुलांनो, ती चौकशी नव्हती, ती नोंद होती.

दिवाळीनंतर सांगलीजवळच्या मिशनच्या आवारात आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांचा तीन दिवसांचा मेळावा भरतो, हे तुम्हाला माहीत आहे. त्यातली वडूजपासून आटपाडी, कवठे महांकाळपर्यंतची नावं, आणि नात्यामुळे साताऱ्यातली आपल्या घरचीही, गोळा करायचं काम भावजींचं. पलटणीत ते हवालदार कारकून होते. पेन्शन घेऊन परत आले ते एक इस्त्रीचा पांढरा सदरा आणि एक कापडी बांधणीची जाड वही घेऊन, आणि त्यानंतर मी त्यांना या दोन्हींशिवाय पाहिलं नाही. वहीत नाव, गाव आणि बाप्तिस्म्याची तारीख असे तीन रकाने. चौथ्याला शीर्षक नव्हतं, पण खरी वही तीच. 'गुडघे. खाली बसवू नये.' 'चहा बिनसाखरेचा सांगते, पण साखर घेते. लक्ष ठेवणे.' एका बाईंच्या नावापुढे होतं, 'धाकट्या जावेशी बोलत नाही. मध्ये दोन खाटा सोडणे', आणि त्याखाली दोन वर्षांनंतरच्या शाईत, 'बोलू लागल्या. शेजारी चालेल, पण आवाज होतो.' तुमच्या आजोबांच्या नावापुढे दोनच शब्द होते: 'घोरतात. दाराजवळ.' आजोबा वर्षभर रुसले. पण झोपले दाराजवळच, आणि त्या वर्षी अख्खं सभागृह शांत झोपलं.

फोनवर नाव घेणं त्यांना मुळीच मान्य नव्हतं. "फोनवर मानूस 'येतो' म्हनतंय, वैनी. दारात जाऊन हुबं ऱ्हायलं की कळतं, येनार का न्हाई ते." म्हणून दसरा झाला की एसटीनं, कुणाच्या मोटारसायकलवर मागे बसून, नाही तर चालत, ते एकेका वस्तीवर जात. मी एकदा शहाणपणा करून साताऱ्याहून फोनवर माझं नाव दिलं. ते "बरं" म्हणाले. आठ दिवसांनी दारात उभे! मला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, तांब्याभर पाणी प्यायले, उभ्या उभ्या नाव लिहिलं आणि चारच्या गाडीनं परत गेले. माझं कोणतं लक्षण त्यांना तपासायचं होतं, ते मला अजून कळलेलं नाही.

मग मेळाव्याच्या दिवशी फाटकात हजेरी. माणसं जीपमधून उतरत आणि भावजी सावधान उभे राहून नाव आणि गाव पुकारत. ज्याचं नाव त्यानं "हजर" म्हणायचं, मगच आत. आटपाडीकडच्या राहेल आत्यांची पाळी आली की आम्ही मुद्दाम थांबून ऐकत असू. ऐंशीच्या घरातली बाई, एका डोळ्यात मोतीबिंदू, वर्षातून घराबाहेर पडायची ती याच तीन दिवसांसाठी. ती ओरडायची, "हजर! अजून हाय रं!" भावजी चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवता म्हणायचे, "दिसतंय. फुडं चला." पाळकांची प्रार्थना नंतर व्हायची, पण माझा मेळावा तिथंच सुरू झालेला असायचा.

आता वाईट भाग. तो मी नीट क्रमानं लिहिते, कारण त्यात माझा हात आहे.

गेल्या वर्षी समितीच्या नव्या सेक्रेटरीनं नोंदणीसाठी एक ॲप आणलं. मुलगा सांगलीचा, कंपनीत नोकरीला, मनानं चांगला. प्रत्येकाची माहिती फोनवरून भरायची, फाटकात कोड दाखवायचा, वयाप्रमाणे खोल्या आपोआप ठरणार. पहिला हात मी वर केला. मला व्यवस्थितपणाची आवड आहे. शिवाय तुम्ही व्हिडिओ कॉलवर मला फॉर्म भरायला शिकवलं होतंत आणि ती विद्या मला कुठे तरी दाखवायची होती. बाकीच्या गावांच्या याद्यांत दर वर्षी घोळ असायचा, उशा कमी पडायच्या, हे खरं आहे. भावजींच्या यादीत एकही उशी कधी कमी पडली नाही, हेही खरं आहे. त्या बैठकीत ते सांगायचं मला सुचलं नाही.

भावजींनी विरोध केला नाही. "ऑर्डर म्हंजी ऑर्डर," म्हणाले. नेहमीप्रमाणे सगळ्या वस्त्या फिरून आले, बेचाळीस नावं वहीत घेतली आणि मग पुतण्याचा फोन समोर ठेवून एकेक नाव ॲपमध्ये भरायला बसले. मुदत संपायच्या आदल्या दिवशी दुपारी मला फोन.

"वैनी, हे यंत्र लाल झालंया."

"कुठं लाल झालंय?"

"जन्मतारीख मागतंय. न्हाई दिली तर फुडं सोडत न्हाई. एवढा खवीस सुभेदार म्या पलटणीत बगितला न्हाई."

"मग द्या ना."

"आवं, राहेल आत्या मेंढरं घाटाखाली गेली हुती तवा जन्मली. ती मेंढरं कवा गेली, हे आता कुना मेंढराला इचारू?"

मी तेव्हा चादरींची यादी तपासत होते. घाईत होते. म्हणाले, "भावजी, रकाना रिकामा ठेवायचा नाही. तुमच्याकडे जी तारीख असेल ती टाका."

"ही ऑर्डर का?"

"ऑर्डर," म्हणाले मी हसून, आणि फोन ठेवला.

भावजींकडे प्रत्येकाची एकच तारीख होती आणि ती खरी होती: बाप्तिस्म्याची. त्यांनी ती टाकली. इथं साताऱ्यात हे चालून गेलं असतं, कारण आपल्याकडे पाळण्यातच बाप्तिस्मा होतो. पण त्या कोरड्या मुलखातल्या वस्त्यांवर वर्षानुवर्षं पाळक फिरकत नसत. लोक घरच्या घरी प्रार्थना करत म्हातारे झाले. आणि या मेळाव्याच्या नऊ वर्षं आधी एकदा पाळक आले तेव्हा आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांचा बाप्तिस्मा एकाच सकाळी झाला. ॲपनं सरळ हिशेब केला. भावजींच्या बेचाळीसपैकी तेवीस माणसं नऊ वर्षांची निघाली.

फाटकात गळ्यात घालायची कार्डं वाटली गेली. मुलांची पिवळी. पांढऱ्या मिशांवर, नऊवारी पदरांवर पिवळी कार्डं लटकायला लागली. राहेल आत्यांच्या हातात एका मुलीनं रंगीत खडूंची पेटी आणि रंगवायला कोकराचं चित्र ठेवलं.

"हे काय गं?"

"आजी, यात तुमचं वय नऊ आहे."

"आत्ता गं बया! मग माझं लगीन कुनी लावलं? आन् माझी सहा पोरं कुनाची?"

सगळं फाटक हसलं. मीही हसले. भावजी हसले नाहीत. ते वहीचा चौथा रकाना उघडून सेक्रेटरीसमोर उभे होते. "गुडघं हायती साहेब, गुडघं. जिमिनीवर न्हाई जमायचं." पण मोठ्यांच्या खाटा ॲपनं वाटून टाकल्या होत्या आणि मुलांच्या दालनात सतरंज्या होत्या. सेक्रेटरी म्हणाला, "काका, आता काही बदलता येत नाही. सिस्टीम लॉक आहे." आम्ही दोघी-तिघींनी आपल्या खाटा देऊ केल्या, पण आत्या ऐकेनात. म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. पोरांत बरं वाटतंय." सकाळी त्यांना उठता येईना. गुडघे आखडून बसले ते सुटेनात. चौघांनी उचलून जीपमध्ये ठेवलं आणि मेळाव्याच्या दुसऱ्याच दिवशी भर दुपारी त्या आटपाडीला परत निघाल्या. शेजारी भावजी, मांडीवर वही. आत्यांच्या हातात खडूंची पेटी तशीच होती. फाटकातून जाताना त्या काही ओरडल्या नाहीत.

महिन्यानं समितीची बैठक झाली. सेक्रेटरी म्हणाला, "काका, जन्म कोणता आणि बाप्तिस्मा कोणता, एवढं तुम्हाला कळू नये?" भावजी उभे राहिले. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. ते आता माझं नाव घेतील, याची मी वाट पाहत होते, आणि घेतलं तर काय उत्तर द्यायचं तेही मनात जुळवून ठेवलं होतं. भावजी म्हणाले, "चूक माझी." आणि बसले. बैठकीचं इतिवृत्त माझ्याकडे असतं. 'वैयक्तिक दुर्लक्षामुळे नोंदणीत गोंधळ' हे वाक्य माझ्या अक्षरात आहे. त्याखालचा ठरावही: यापुढे दुसऱ्यासाठी कोणी नोंदणी करू नये, ज्याची त्यानं करावी.

यंदा तसं झालं. यादी छापील, सुबक आहे. उशा मोजून बरोबर येतात. वडूजच्या पलीकडून तीन नावं आली आहेत. बेचाळीसांतली तीन. मी भावजींना फोन केला.

"म्या कुठं गेलो न्हाई औंदा," ते म्हणाले. "ऑर्डर न्हाई. वही बांधून माळ्यावर टाकलीया."

"राहेल आत्या कशा आहेत?"

"दारात गेल्याबिगर कसं सांगू, वैनी?"

 मी म्हणाले, "तुमचं नाव मी भरते. तेवढं तरी करू द्या."  भावजी म्हणाले, "भरा." मी नाव भरलं, गाव भरलं. आणि विचारलं, "भावजी, जन्मतारीख?"

"तुमच्याकडं जी आसंल ती टाका, वैनी."

टोमणा नव्हता. टोमणा मारणं त्यांना येतच नाही. मी सगळं घर शोधलं. तुमच्या आजोबांच्या जुन्या डायऱ्या, लग्नाच्या पत्रिका, पवित्र शास्त्राच्या पहिल्या पानावरच्या घरच्या नोंदी. भावजींची तारीख कुठंही नाही. त्यांच्या स्वतःच्या वहीतसुद्धा नसणार. हजेरी घेणाऱ्याचं नाव हजेरीत नसतं, असं ते एकदा म्हणाले होते. त्यांना पंखा लागतो का, चहात साखर चालते का, खाट कुठे हवी, यातलं मला काहीच माहीत नाही. चाळीस वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं.

रकाना लाल झाला तो तसाच आहे. नोंदणीची मुदत काल संपली. उद्या सकाळच्या एसटीनं मी वडूजला जाते आहे. हे फोनवर विचारता येत नाही, एवढं आता मला कळलं आहे.