रोजचा फोटो

मास्तरकीत किस्से काय, वहीत मावत नाहीत! पण आर्वीकडच्या आमच्या सात पोरांच्या शाळेतले मी कुणाला सांगत नाही. आज सांगतेच.

शाळेत संविधान शिकवणं सक्तीचं झालं. रोज परिपाठात उद्देशिका म्हणायची आणि फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकायचा. आमचे मुख्याध्यापक वानखेडे सर म्हणायचे, "मॅडम, फोटो गेला म्हंजे शाळा भरली!" पण रेंज कुठली? सर मोबाईल घेऊन समोरच्या पाण्याच्या टाकीवर चढायचे. नाही गेला तर पुन्हा काढायचा, म्हणून फोटो जाईपर्यंत खाली पोट्टे हात पुढे करून उभे!

*

तपासणीला साहेब आले. चौथीतल्या रेणूला विचारलं, "समता म्हणजे काय?"

"शांताबाई खिचडी वाढते ते. तिचा नातू बी रांगेतच बसते, पन त्याले जास्त नाई देत."

साहेब खूश! नातू मात्र दिवसभर आजीशी बोलला नाही.

*

मग पत्र आलं. पट कमी, शाळा बंद. पोरांनी नाल्यापलीकडच्या शाळेत जायचं. रेणूचा बाप म्हणाला, "पोरीले एवढ्या दूर नाई पाठवत. बस झालं शिक्षण."

दुसऱ्या दिवशी उद्देशिका म्हणताना रेणू पहिल्याच ओळीला थांबली. "सर, आम्ही भारताचे लोक म्हंजे आपनच ना? मंग शाळा बंद करताना आपल्याले काऊन नाई विचारलं?"

 

*

सर म्हणाले, "चला, मतदान घेऊ!" शाळा चालू राहावी म्हणून सात हात वर झाले. खिचडीचा डाव घेऊन शांताबाईचा आठवा! सह्यांसकट ठराव ऑफिसला गेला.

उत्तर आलं बरं का! "आपल्या शाळेचे दोन दिवसांचे परिपाठाचे फोटो अप्राप्त आहेत. खुलासा सादर करावा."

सर हसले, खूप हसले. मग मोबाईल उचलून टाकीवर चढले.

*

शाळा बंद झाली. जूनमध्ये सगळ्या शाळा उघडल्या, त्या दिवशी मी कपाटाच्या चाव्या ग्रामपंचायतीत द्यायला त्या गावी गेलते. शाळेच्या फाटकाला कुलूप. बाहेर रेणू एकटीच, आखूड झालेल्या युनिफॉर्ममध्ये, हात पुढे करून उद्देशिका म्हणत होती.

शेवटच्या ओळीपर्यंत म्हणून झालं, तेव्हा तिने मला पाहिलं.

"मॅडम, फोटो काढा ना! अन् लवकर टाकीवर चढा. फोटो जाईपर्यंत मी हात खाली नाई करत."