उलट्या हंसांचा दगड आणि युसूफभाऊ

एरंडोलजवळच्या एका गावात दगडी चर्च आहे. त्याच्या उत्तरेकडील भिंतीत कंबरेएवढ्या उंचीवर एक कोरीव दगड बसवलेला आहे. त्यावर हंसांची रांग आहे आणि सगळ्या हंसांचे पाय आभाळाकडे आहेत. दगड उघडच जुन्या, हजारेक वर्षांपूर्वीच्या देवळाचा. तो असा उलटा कोणी बसवला, आणि का? या प्रश्नाच्या निमित्ताने युसूफ गवंडी मला खऱ्या अर्थाने कळले.

ते एरंडोलचे. मी तेथे शिक्षक होतो तेव्हा शाळेची संरक्षक भिंत त्यांनी बांधली. त्यांची एक सवय विद्यार्थ्यांनाही पाठ झाली होती. कोणताही दगड पुढे आला की ते आधी त्यावर तांब्याभर पाणी ओतत, तिरप्या उन्हात वळवून पाहत आणि मगच तोंड उघडत. कोणी घाई केली तर म्हणत, "पहिले पानी, मंग बोलनं. कोरडा दगड बठ्ठा सारखाच दखास." कोरडे दगड सगळे सारखेच दिसतात, असा त्या अहिराणी बोलण्याचा अर्थ.

चर्चच्या भिंतीचा गिलावा काढला तेव्हा तो दगड उघडा पडला आणि गावात कुजबुज सुरू झाली. दौलतनाना हे गावातले जुने शेतकरी, शब्दाला वजन असलेले. त्यांनी पाळकांना स्पष्ट सांगितले, "हंसांना मुद्दाम उलटं केलंय. दगड काढून आमच्या स्वाधीन करा." पाळक दगड द्यायला तयार होते. अडचण एवढीच की छताच्या तुळईचा भार नेमका त्याच्यावर येत होता. दगड ओढला असता तर भिंत बसली असती, आणि दगडही शाबूत राहिला नसता. पाळकांनी युसूफभाऊंना बोलावले. मीही सोबत गेलो.

युसूफभाऊंनी जाताच, पाणी ओतण्याआधीच, सांगून टाकले, "नाना, भिंत मना आजलानी बांधेल शे. पन हाऊ दगड त्यानी बसाडेल नही. मांगून कोनीतरी घालेल शे." माझ्या माहितीत त्यांनी स्वतःचा नियम मोडला तो एवढा एकदाच. आजोबांच्या नावाचा प्रश्न होता.

मग त्यांनी पाणी ओतले. कडेचा चुना ओला होऊन सुटला आणि त्याखाली एक छोटा त्रिकोण दिसला, मधोमध ठिपका असलेला. तीच खूण युसूफभाऊंच्या, आजोबांपासून चालत आलेल्या हातोड्याच्या दांड्यावर मी वर्षानुवर्षे पाहत आलो होतो. नाना दहा पावलांवर पाळकांशी वाद घालत होते. पाहणारे आम्ही दोघेच होतो. शेजारी घमेल्यात ओला चुना तयार होता. बोटभर लावला असता तरी काम भागले असते. त्यांनी घमेल्याकडे पाहिले, मग माझ्याकडे. नंतर खांद्यावरचा रुमाल भिजवला, खूण स्वच्छ पुसली आणि हाक मारली.

"नाना, इकडे या. मी चुकनू. हाई खूण मना आजलानीच शे."

नाना वाकून बराच वेळ पाहत राहिले. "मंग सांग, तुना आजलानी हंस उलटा का बसाडात?"

"माले माहीत नही. दोन दिन द्या."

ते दोन दिवस त्यांनी गावात फिरून काढले. तिसऱ्या सकाळी त्यांनी नानांना विहिरीवर बोलावले. तेथे बायका ज्यांवर कपडे धूत त्या दगडांपैकी एक पालथा दगड त्यांनी बाजूला काढून चिखलाने माखून ठेवला होता. "नाना, भिंतीमा बसाडाना शे असं समजा. हाऊ दगड नीट बसाडी दखाडा."

नानांनी धोतर सावरले आणि दगड उभा केला. तो डुगडुगला, कारण खालची कड तुटकी होती. त्यांनी उलटा केला. वरची बाजू सपाट होती. दगड घट्ट बसला. "घे, बसना!" नाना म्हणाले.

युसूफभाऊंनी तांब्याभर पाणी ओतले. चिखल वाहून गेला. भिंतीतल्या त्याच रांगेतले आणखी तीन हंस दिसले, पाय आभाळाकडे केलेले.

"आते सांगा नाना, तुम्ही हंसेसना अपमान कया का?"

नाना हसले. "हात् तुनी! बठ्ठं गाव येवर कपडा धोस, कोनलेच दखायनं नही!" त्यांनी दगड काढण्याची मागणी सोडली. भिंत राहिली. हंस जागीच राहिले.

परतताना मी म्हणालो, "भाऊ, आजोबा निर्दोष ठरले." त्यांनी मान हलवली. "नही मास्तर. सपाट बाजू खाले ठेवनी हाई आमनी रीत. खूण सांगस कोनी बसाडा. त्याना मनमा काय व्हतं, ते दगड सांगत नही." पुरावा किती सिद्ध करतो आणि कोठे थांबतो, हे मी वर्गात वर्षानुवर्षे शिकवले होते. स्वतःच्या आजोबांच्या बाबतीत ते पाळून दाखवणारा माणूस मी हा एकच पाहिला.

गेल्या हिवाळ्यात युसूफभाऊ गेले. नाना आले होते. कबरीची माती सारखी झाल्यावर त्यांनी कोणाला न विचारता तांब्याभर पाणी तिच्यावर ओतले.

विहिरीवरचा दुसरा तुकडा अजून तेथेच आहे. माझ्या लिहिण्यावर विसंबू नका. कधी गेलात तर तो दगड आपल्या हाताने उभा करून पाहा, आणि मत देण्याआधी त्यावर पाणी ओता.