हुंकाराची शिकवणी

इस्त्रीच्या दुकानावर, लाकडी जिना चढून गेलं की जपानीचा वर्ग लागे. खालून वाफेचा वास येई आणि वर बाई क्रियापदं घोटून घेत. जपानीची सगळ्यात वरची परीक्षा त्या पास झाल्या होत्या आणि ही गोष्ट भाव करता करता भाजीवाल्यालासुद्धा ऐकवत. खऱ्याखुऱ्या जपानी माणसाशी मात्र त्यांनी आजवर धड गप्पा मारल्या नव्हत्या. हे भाजीवाल्याला माहीत नव्हतं.

वर्गात शिकणाऱ्या एका फिटरच्या कारखान्यात नवं यंत्र बसवायला जपानी साहेब आले. फिटर त्यांना हौसेनं वर्गावर घेऊन आला. साहेब बोलू लागले आणि बाई ताठ बसून, पापणी न हलवता, आदरानं गप्प ऐकत राहिल्या. साहेब थांबले. तेच वाक्य जरा हळू बोलले. बाई तशाच. मग साहेबांनी हातवारे सुरू केले. आपल्याला शब्द न् शब्द कळतोय आणि साहेबांना वाटतंय की काहीच कळत नाही, हे बाईंच्या ध्यानात आलं तेव्हा साहेब निरोप घेत होते.

घरी आल्या तर धाकटी बहीण फोनवर. "हं... हं... काय सांगतेस! अगं बाई... मग?"

फोन ठेवल्यावर बाईंनी विचारलं, "काय म्हणत होती गं?"

"कुणास ठाऊक. माझं लक्ष दुधाकडे होतं."

"मग एवढं हं हं कशाला?"

"अगं ताई, हं म्हटलं नसतं तर तिला वाटलं असतं, फोन कट झाला!"

बाई मटकन खुर्चीत बसल्या. समोरासमोर बसून त्यांनी साहेबांचा फोन कट केला होता. जपानीतल्या हुंकारांवर पुस्तकात अख्खं एक पान होतं. परीक्षेला येत नाही म्हणून बाई ते दरवर्षी गाळत.

आता त्या इरेला पेटल्या. आठवडाभर वर्गात दुसरं काही नाही. समोरचा थांबला रे थांबला की मान हलवायची आणि म्हणायचं, "ईई देस् ने!" म्हणजे, छान आहे हं! सगळे एका सुरात म्हणू लागले. बाईंना कृतार्थ वाटलं.

साहेब पुन्हा आले. म्हणाले, माझ्याकडे एक कुत्री होती.

"ईई देस् ने!" वर्ग गरजला.

साहेब खुलले. म्हणाले, फार म्हातारी झाली होती. गेल्या महिन्यात गेली.

"ईई देस् ने!"

बाईंच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. माफी मागायला हवी होती. त्या मनातल्या मनात अत्यंत विनम्र, तीन क्रियापदांचं वाक्य जुळवू लागल्या. दुसऱ्या क्रियापदापर्यंत पोचतात तोच साहेब टेबलावर डोकं टेकून हसायला लागले. हसता हसता त्यांनी चष्मा काढला आणि डोळे पुसले. ते पुसणं मात्र सगळंच हसण्याचं नव्हतं. जुळवलेलं वाक्य बाईंच्या डोक्यातून पार उडालं. तोंडून नुसतं "आऽ..." निघालं, आणि मग, "नाव काय?"

साहेबांनी कुत्रीचं नाव सांगितलं. मग ती बूट कशी पळवायची ते सांगितलं. बाई "हेऽ!" म्हणाल्या, म्हणजे, असं होय!, "मग?" म्हणाल्या, एकदा चुकून "अगं बाई!"सुद्धा म्हणाल्या. तेही चाललं. खालचं दुकान बंद झालं तरी साहेब उठेनात.

जिना उतरताना बाईंना आठवलं, आपण विचारलेल्या प्रश्नात क्रियापदच नव्हतं. आदरार्थी रूपही नव्हतं. वर्गात कुणी असं बोललं असतं तर त्याला शंभरदा लिहायला लावलं असतं.

यंत्र सुरू होऊन साहेब मायदेशी परतले. बाई हल्ली वर्गाची सुरुवात गप्पांनी करतात. शिकणारे चुकतमाकत आपापल्या घरचं सांगतात, बाकीचे हुंकार देतात. मधेच चूक दुरुस्त करायची बाईंना अनावर उबळ येते. तेवढ्यापुरती त्या तोंडात लिमलेटची गोळी धरतात. पहिल्या महिन्यात दोन बरण्या संपल्या.