दगडाला पाणी

"दम धरा जरा," असं म्हणून ते दुधातलं पाणी ओळखायला सोडलेल्या काचेच्या नळीकडे डोळे बारीक करून बघत राहायचे. मागे रांग वाढायची, कोणी उगाच खाकरायचं. नळी डुलायची थांबल्याशिवाय त्यांनी कुणाचंही दूध घेतलं नाही. तुम्ही कधी गावच्या सहकारी डेअरीत कॅन घेऊन उभे राहिला असाल, तर असा माणूस तुम्हीही पाहिला असेल आणि मनातल्या मनात त्याला शिव्याही घातल्या असतील.

आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो. परगावचे, नवरा-बायको दोघंच, आमच्या शेजारी भाड्याने राहायचे. त्यांच्या खिडकीत पत्र्याच्या डब्यांमध्ये वाळू होती आणि वाळूत गारगोट्या. दिवाळीच्या सुमारास एका दुपारी पाहतो तर एका गारगोटीच्या चिरेतून पिवळं फूल आलेलं, आणि भाऊ ड्रॉपरने तिच्या बुडाशी मोजून पाण्याचे थेंब सोडताहेत. मसाल्यात घालतात ते दगडफूल हेच का, असं माझ्या बायकोने विचारलं. भाऊ पोट धरून हसले. हे दगडासारखं दिसणारं झाड आहे, म्हणाले.

पुढच्या उन्हाळ्यात गावाला टँकर लागला. चाऱ्यावाचून म्हशी आटल्या. सांगायला लाज वाटते, पण प्यायच्या पाण्यासाठी भांडणं होणाऱ्या त्या गावात दुधात घालायला माझ्याकडे तांब्याभर पाणी होतं. भाऊंनी नळी सोडली, बराच वेळ पाहिलं, मग झाकण लावून कॅन माझ्या हातात परत दिला.

"आज हे घरीच न्या. लेकरं पितील," ते हळूच म्हणाले. माझ्या मागे उभ्या असलेल्या माणसालाही काही कळलं नाही.

त्यांचे उपकार मानायचे सोडून मी आठ दिवस आतल्या आत धुमसत राहिलो. मग टँकरचं पाणी वाटून घ्यायला पारावर बैठक बसली, तेव्हा मी उठलो.

"आमी घोटाघोटाला महाग झालो, अन् हे भाऊ घरी दगडाला पाणी पाजतेत. म्या सोता बघितलंय."

लोक आधी हसले, मग चिडले. भाऊंच्या चार घागरींच्या दोन झाल्या. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. माझ्या दुधाबद्दल अवाक्षर काढलं असतं तरी तिथल्या तिथे माझी अब्रू गेली असती. ते उठून घराकडे निघाले. दुसऱ्या दिवसापासून भाऊंच्या पत्नी लांबच्या मळ्यातल्या विहिरीवर जाऊ लागल्या. भर उन्हात डोक्यावर घागर घेऊन त्या येताना दिसल्या, की मी घरात शिरायचो.

पाऊस लांबला, दूधच येईना, डेअरी बंद पडली. गाव सोडायच्या दिवशी भाऊ एक डबा घेऊन आमच्या दारात आले. प्रवासात सगळे टिकायचे नाहीत, एक तुमच्याकडे ठेवा, म्हणाले. माझ्या बायकोने विचारलं, पाणी किती घालायचं?

"फूल येऊन गेलं की पाणी बंद, वहिनी. जुन्या पानातलंच पाणी नवं पान पितं. दिवाळीपासून म्या थेंब दिला न्हाई." मग डबा माझ्या हातात देत ते म्हणाले, "तेवढं पाणी घालू नका."

बायकोने मान डोलावली. मला वर बघवेना. त्यांनी ते झाडाबद्दलच सांगितलं होतं. तिरकं बोलणं त्या माणसाला येतच नव्हतं. टोमणा मारला असता, तर मी निदान भांडलो तरी असतो.